टक्का शरीराचा, प्रश्न कामाचा

दिव्यांगांच्या रोजगाराचे काम करणाऱ्याच्या कानावर एक प्रश्न सतत पडत असतो: 'किती टक्के आहे?' सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाबाहेरच्या रांगेत तो विचारला जातो, तहसीलच्या खिडकीवर विचारला जातो, कारखान्याच्या ऑफिसात विचारला जातो आणि सोयरिक जुळवतानाही विचारला जातो. उत्तर एका आकड्यात असते आणि त्या आकड्यावर माणसाचे पुढचे बरेच काही ठरते. चाळीस गाठले की आरक्षण, एसटीची सवलत, राज्याचे अनुदान यांसाठी अर्ज तरी करता येतो. ऐंशी गाठले की केंद्राच्या निवृत्तिवेतनाचा विचार होतो. एकोणचाळीसवर अडकले की हाती फक्त कागद उरतो. या कामात वर्षे घालवल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. शरीराचे काय बिघडले आहे ते हा आकडा बऱ्यापैकी सांगतो. पण कमावत्या वयातल्या माणसाला कोणते काम जमेल, ते जमण्यासाठी काय लागेल आणि काम नसेल तेव्हा त्याचे कसे भागेल, यातले काहीही तो सांगत नाही. आणि सरकार मदत मात्र याच प्रश्नांसाठी देत असते. त्यामुळे तपासणी अधिक कडक करा किंवा थोडी सैल करा, दोन्हीने फारसे काही साधणार नाही. तिच्यात आज नसलेला कामाचा प्रश्न आणावा लागेल.

हा टक्का निघतो कसा, ते जवळून पाहिले पाहिजे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. ते मोजायचे कसे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जानेवारी २०१८मध्ये काढली आणि मार्च २०२४मध्ये सुधारली. हातापायांचे दिव्यांगत्व असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ गोनिओमीटरच्या दोन पट्ट्या सांध्यावर धरतात आणि खांदा, कोपर, मनगट किती अंशांत वळते ते टिपतात. मग स्नायूंची ताकद पाहतात: शून्य म्हणजे हालचालच नाही, पाच म्हणजे नेहमीसारखी. दोन प्रकारचे नुकसान असेल तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही हिस्साच मिळवायचा असतो आणि तो हिस्सा ठरवायला सूत्र आहे: नव्वदमधून मोठा आकडा वजा करायचा, त्याला लहान आकड्याने गुणायचे आणि नव्वदने भागायचे. पंचेचाळीस आणि अठरा यांचे अशा रीतीने त्रेसष्ट होत नाहीत, चौपन्न होतात. पद्धत विचारपूर्वक बसवलेली आहे. दोन वेगळ्या डॉक्टरांनी मोजले तरी उत्तर साधारण सारखे यावे, हा तिचा हेतू चांगलाच आहे. पण चौपन्न टक्के ज्याच्या कागदावर लागले तो माणूस शिलाई मशिनवर बसतो, शाळेत शिकवतो, उसाची तोडणी करतो की हॉटेलात भांडी घासतो, हे त्या सूत्राला माहीत नसते. तसा रकानाच नाही. डॉक्टरांना जे विचारले आहे त्याचे उत्तर ते देतात. दोष असलाच तर विचारणाऱ्यांचा आहे.

शरीराचे नुकसान आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काही परदेशातून उसने आणायला नको. आपल्याच न्यायालयांनी ते फार पूर्वी सांगून ठेवले आहे. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा प्रश्न होता. कामावर अपघात होऊन त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. भरपाई कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे हे नुकसान अंशतः धरावे, असे मालकाचे म्हणणे होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या माणसाच्या दृष्टीने नुकसान पूर्णच आहे, असे न्यायालयाने धरले. पुढे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या वाहन अपघाताच्या खटल्यात, २०१०मध्ये, न्यायालयाने हाच विचार सविस्तर मांडला. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच सरकारी कार्यालयात कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. म्हणून न्यायाधिकरणाने आधी त्या माणसाला आता काय करता येते आणि काय येत नाही ते पाहावे, मग त्याचे वय, शिक्षण आणि व्यवसाय पाहावा आणि त्यानंतर कमाईचे नुकसान ठरवावे, असा क्रम घालून दिला. देशातली मोटार अपघात न्यायाधिकरणे रोज या क्रमाने निवाडे देत असतात. म्हणजे भरपाई विमा कंपनीने द्यायची असते तेव्हा आपण कामाचा प्रश्न विचारतो आणि मदत सरकारने द्यायची असते तेव्हा विचारत नाही. या फरकाला तर्काचा आधार मला आजवर सापडलेला नाही.

या फटीत कोण अडकते, ते औद्योगिक पट्ट्यात काम केल्यावर लगेच दिसते. चाकण, भोसरी, वाळूज अशा भागांत पॉवर प्रेसवर बोटे जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कर्मचारी भरपाईच्या कायदेशीर परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईचे नुकसान वीस टक्के, तीन गेली तर तीस टक्के धरले आहे. ईएसआयचे कार्ड असेल तर त्या हिशेबाने महिन्याला काही रक्कम तरी सुरू होते. पण ठेकेदाराकडे, कार्डाशिवाय काम करणाऱ्या तरुणाला दिव्यांगांच्या योजनांचा दरवाजा ठोठावावा लागतो, आणि त्या दरवाजावर चाळीसचा उंबरठा आहे. प्रेस चालवणे हाच त्याचा धंदा होता आणि तो आता संपला. दुसरे काम शिकायला त्याला काही महिने लागतील, तोवर घर चालले पाहिजे. या गरजेची नोंद करणारी जागा बोर्डाच्या नमुन्यात नाही आणि तहसीलच्या अर्जातही नाही. याउलट, पोलिओने एक पाय अधू झालेला पण उत्तम शिकलेला बँक अधिकारी सत्तर टक्क्यांचे प्रमाणपत्र बाळगतो आणि जुन्या प्राप्तिकर रचनेत वर्षाला पंचाहत्तर हजारांची वजावटही घेतो. त्याला मिळते ते काढून घ्या असे मी म्हणत नाही. रॅम्प, लिफ्ट, गाडीतले बदल यांवर त्याचाही खर्च होतोच. म्हणणे इतकेच की या दोघांच्या गरजा एकाच फूटपट्टीने मोजल्या तर ती कोणाच्याच मापाची ठरत नाही.

दुसरी अडचण येते ती रोज बदलणाऱ्या आजारांत. २०१६च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वात घेतले, हे फार चांगले झाले. गडचिरोली किंवा नंदुरबारकडच्या आदिवासी कुटुंबांसाठी सिकलसेल ही पुस्तकातली गोष्ट नव्हे. पण सिकलसेल असलेला मजूर बोर्डाच्या दिवशी बहुधा धडधाकट दिसतो. त्याला खरा त्रास होतो तो वेदनेच्या झटक्यात, आणि झटका तारीख बघून येत नाही. रोजंदारीवर महिन्यातले पाच-सहा दिवस अचानक बुडाले की मुकादम दुसरा गडी बघतो. शारीरिक क्षमता शिल्लक असते, पण भरवसा शिल्लक राहत नाही आणि मजुरी भरवशावर मिळते. अशा माणसाला किती टक्के द्यावेत, हा वाद मला निरुपयोगी वाटतो. महिन्यातून किती दिवस तो काम करू शकत नाही, ते दिवस आधी कळतात का आणि त्या दिवसांची भरपाई कशी व्हावी, हे विचारले तर मार्ग निघतो. त्यातच सरकारी नोकरीतले चार टक्के आरक्षण ज्या कलम ३४ने दिले, त्या कलमाच्या यादीत हे रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे हाती प्रमाणपत्र असते, पण ज्या स्थिर पगाराच्या, रजेच्या आणि बसून करायच्या नोकरीत या आजाराला सांभाळून घेता आले असते, तिच्यात राखीव जागा नाही.

कामाचा प्रश्न तपासणीत आणता येतो, याचा पुरावाही आपल्याच व्यवस्थेत आहे. मानसिक आजाराचे दिव्यांगत्व मोजायला 'आयडियाज' ही भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी तयार केलेली मोजपट्टी वापरतात. तिच्यात रक्ततपासणी नाही की एक्स-रे नाही. चार गोष्टी पाहायच्या असतात: स्वतःची निगा, लोकांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण, आजार किती वर्षे आहे त्याचे आणखी गुण, मिळून वीस. सात गुण झाले की चाळीस टक्क्यांची रेषा ओलांडली जाते. यातला कामाचा रकाना विशेष पाहण्यासारखा आहे. नोकरी करणाऱ्याची नोकरी, विद्यार्थ्याचा अभ्यास आणि घर सांभाळणाऱ्या बाईचे घरकाम, तिन्ही त्यात येतात. धुणे, स्वयंपाक, पाणी भरणे यांत किती खंड पडतो ते डॉक्टर विचारतात आणि बरोबर आलेल्या माणसाकडूनही माहिती घेतात. याच बाईला संधिवाताने किंवा अपघाताने हातापायांचे दिव्यांगत्व आले असते, तर तिचे घरकाम कोणी विचारले नसते. फक्त सांधा मोजला असता. एका प्रकारच्या दिव्यांगत्वात ज्याला आपण पुरावा मानतो, त्याला दुसऱ्या प्रकारात अवांतर माहिती का मानतो, याचे उत्तर एवढेच की मापे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी तयार केली. 'आयडियाज'चाही एक दोष आहे. चार उत्तरे मिळाल्यावर ती पुन्हा एका टक्क्यात वितळवली जातात, आणि माणसाच्या हाती आकडा पडतो. उत्तरे फाइलीत राहतात.

सर्वोच्च न्यायालयही अलीकडे याच दिशेने बोलत आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, फेब्रुवारी २०२१मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळावा की नाही हा प्रश्न होता. त्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्के नाही म्हणून नकार मिळाला होता. वाजवी सोय देण्यासाठी चाळीसची अट लावता येत नाही, कारण सोय गरजेवर ठरते, असे न्यायालयाने सांगितले. ऑक्टोबर २०२४मधल्या ओंकार गोंड या खटल्यात गोष्ट उलटी होती. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या या प्रकरणात बोलण्यातले दिव्यांगत्व चाळीसच्या वर असल्यामुळे वैद्यकीय प्रवेश अडला होता. टक्का जास्त आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याला अपात्र ठरवता येणार नाही. त्याला अभ्यासक्रम झेपेल का ते मंडळाने पाहिले पाहिजे आणि कारणे लिहून दिली पाहिजेत, असा निकाल लागला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की दिसते: कमी टक्का म्हणून मदत नाकारली गेली आणि जास्त टक्का म्हणून संधी नाकारली गेली. आकडा एकच, आणि दोन्हीकडून माणसालाच लागतो.

आता पैशाच्या बाजूकडे येऊ, कारण तपासणी कितीही चांगली केली तरी तिच्या शेवटी मिळणारी मदत चुकीच्या जागी बांधलेली असेल तर उपयोग नाही. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्या, ऐंशी टक्के किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या माणसाला महिन्याला तीनशे रुपये देते, आणि हा आकडा २०१२पासून हललेला नाही. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगांना मिळणारी रक्कम २०२५मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली, ही खरोखर मोठी वाढ आहे. पण अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची आहे आणि दिव्यांगांसाठी ती पन्नास हजार रुपये आहे. महिन्याचे सव्वाचार हजारसुद्धा होत नाहीत. याचे दोन परिणाम होतात. पस्तिशीतला दिव्यांग माणूस भावाच्या घरात राहत असेल तर भावाची कमाई त्याची समजली जाते, आणि प्रौढ माणूस कायद्याने स्वतंत्र असूनही सरकारदरबारी कोणाचा तरी आश्रित ठरतो. आणि त्याने स्वतः महिना आठ हजारांची नोकरी धरली तर अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत नाही, एकदम थांबते. नोकरीला जायला रिक्षा लागते, कधी सोबत माणूस लागतो, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या लागतात. हा खर्च वजा करून हातात उरते ते सोडलेल्या अनुदानाच्या तुलनेत फारसे नसते, आणि नोकरी सुटली तर उत्पन्नाच्या दाखल्यापासून समितीच्या बैठकीपर्यंत सगळे पुन्हा. म्हणून कामाला तयार असलेली माणसेही 'कागदावर नको, रोख द्या' असे म्हणतात. मालकालाही ते सोयीचे असते. भविष्यनिर्वाह निधी जातो, विमा जातो, अपघात झाला तर पुरावा जातो. याला आळस म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा वहीत मांडून पाहावा.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की टक्का निदान वस्तुनिष्ठ आहे. कामाचा विचार आणला की तपासणाऱ्याची मर्जी येईल आणि मर्जीबरोबर पैसेही येतील. आक्षेप खोटा नाही. बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २०२४मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेतल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर वाद झाला आणि त्यानंतर पडताळणीचे सत्र सुरू झाले. पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जे काही गैर होते ते आजच्याच, आकड्याच्या पद्धतीत होते. नोकरी, बदली, पदोन्नती, कर, प्रवास अशी सगळी कुलुपे एकाच किल्लीने उघडत असतील तर त्या किल्लीला बाजारभाव येणारच, आणि एकोणचाळीस व चाळीस यांमधल्या एका टक्क्याला सर्वांत जास्त. मदत गरजेनुसार वाटली, म्हणजे ज्याला ब्रेल उपकरण हवे त्याला ते, ज्याला प्रवासभत्ता हवा त्याला तो, तर खोटेपणाचा नफा आपोआप कमी होतो. गरज नसताना कोणी व्हीलचेअरसाठी लाच देत नाही. शिवाय कारणे लिहिलेला अहवाल तपासता येतो, त्यातली विसंगती दाखवता येते. नुसता आकडा आणि तीन सह्या असलेल्या कागदाविरुद्ध अपील करायचे तर कशाच्या आधारावर? २०१६च्या कायद्याच्या कलम ९१मध्ये खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहेच. ती वापरावी. ठगांना धरण्यासाठी सगळ्या रांगेवर संशय घेणे हा मात्र स्वस्त उपाय आहे आणि त्याची किंमत खरे दिव्यांग भरतात.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. आहे ती तपासणीच वेळेत होत नाही. २०१७च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती, २०२४च्या दुरुस्तीने ती तीन महिने केली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८च्या ७६व्या फेरीत देशातल्या दिव्यांगांपैकी केवळ २८.८ टक्क्यांकडे प्रमाणपत्र होते. अशा अवस्थेत डॉक्टरांनी आणखी प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा कशी ठेवायची? उत्तर असे की ते प्रश्न डॉक्टरांनी विचारायचेच नाहीत. निदान आणि शरीराचे नुकसान हा तज्ज्ञाचा विषय आहे आणि कायमच्या दिव्यांगत्वात तो एकदाच तपासावा लागतो. माणूस काय करू शकतो हे पाहण्याचे शिक्षण ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि वैद्यकीय समाजसेवक यांना असते, आणि हे काम उपजिल्हा रुग्णालयात, तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते. आज ज्या कामासाठी माणूस जिल्ह्याला दोनदा-तीनदा हेलपाटे घालतो, त्यातले निम्मे तालुक्यात आले तर तज्ज्ञांचाही वेळ वाचेल. या पदांच्या जागा भराव्या लागतील, हे खरे. पण तज्ज्ञ डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा ते निश्चितच सोपे आहे.

तिसरा आक्षेप ब्रिटनकडे बोट दाखवतो, आणि तो मला सर्वांत उपयोगी वाटतो. तिथे २००८पासून कमावत्या वयातल्या आजारी आणि दिव्यांग लोकांची 'काम करण्याची क्षमता' तपासण्याची पद्धत सुरू झाली. निदानाऐवजी क्षमता पाहायची, म्हणजे वरवर पाहता मी मागतो आहे तेच. प्रत्यक्षात ती तिथली सर्वांत नकोशी झालेली सरकारी प्रक्रिया ठरली. अर्धा लिटर द्रवाने भरलेला खोका उचलून हलवता येतो का, ठरावीक मीटर चालता येते का, असे प्रश्न. प्रत्येक उत्तराला गुण. पंधरा गुण झाले तरच मदत. आणि तपासणीचा ठेका खासगी कंपनीकडे. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने तिथल्या कल्याणविषयक बदलांत हक्कांचे गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष काढला. यातून क्षमतेचा प्रश्नच विचारू नये असे सिद्ध होते का? माझ्या मते तिथे तीन गोष्टी चुकल्या. क्षमता पुन्हा गुणांत मोजली गेली, म्हणजे टक्क्याने फक्त वेष बदलला. ती हवेत मोजली गेली. खोका उचलता आला म्हणून कोणी नोकरी देत नाही, आणि त्या गावात, त्या शिक्षणावर, त्या बससेवेत कोणती नोकरी मिळेल हे कोणी पाहिले नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हेतू यादी छाटण्याचा होता. तपासणी कशासाठी करायची हे आधी ठरते आणि प्रश्न त्यातून निघतात. म्हणून आपल्याकडे कामाची तपासणी आणताना एक अट कायद्याइतकी पक्की हवी: या अहवालाने मदत वाढू शकेल, मदतीचे स्वरूप बदलू शकेल, पण केवळ त्याच्या आधारे अनुदान बंद करता येणार नाही आणि नोकरी किंवा प्रवेश नाकारता येणार नाही.

खर्चाचा आक्षेप चौथा. सीमारेषा सैल केली की मागणारे वाढतील, तिजोरी कशी पुरणार? २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले, तेही सातवरून एकवीस प्रकार होण्याच्या आधी. म्हणजे भीती निराधार नाही. पण प्रत्येक गरज मासिक रकमेची नसते. प्रेसवर बोटे गेलेल्या तरुणाला सहा महिने आधार आणि दुसरे कसब हवे. कमी ऐकू येणाऱ्याला श्रवणयंत्र आणि सूचना लेखी देणारा मालक हवा. पाठीच्या कण्याला इजा झालेल्याला मात्र आयुष्यभर मदतनीस आणि रक्कम दोन्ही हवे, आणि आजच्या पद्धतीत त्यालाच सर्वांत कमी पुरते. दुसऱ्या बाजूचा खर्च आपण मोजतच नाही. त्याच ७६व्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी जेमतेम २३.८ टक्के लोक काम करत होते किंवा काम शोधत होते. उरलेल्या तीन-चतुर्थांशांत वृद्ध आहेत, विद्यार्थी आहेत, हे मान्य केले तरी कमावू शकणारी पण घरी बसलेली फार मोठी संख्या त्यात आहे, आणि तिचा भार आज त्यांची घरे उचलतात, बहुतेकदा घरातली बाई स्वतःचे काम सोडून.

मग करायचे काय? प्रमाणपत्राचे दोन भाग करावेत. पहिला आजच्यासारखा वैद्यकीय. आरक्षणासारख्या ज्या हक्कांना कायद्यानेच चाळीसची रेषा घातली आहे त्यांच्यासाठी तो लागेल. दुसरा भाग कामाचा: आधीचे काम कोणते, त्यातले आता काय जमत नाही, वाईट दिवस महिन्यात किती, घरापासून कामापर्यंत कसे जाता येते, कोणते साधन किंवा बदल मिळाला तर काय जमेल, आणि कोणाची मदत किती तास लागते. तो मराठीत लिहिलेला असावा, माणसाला वाचून दाखवावा आणि त्याचे म्हणणे वेगळे असेल तर तेही त्यात नोंदवावे. त्याच कायद्याच्या कलम ३८मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीने अर्ज करायचा आणि मंडळाने गरज ठरवायची अशी तरतूद २०१६पासून आहे. रोजच्या व्यवहारात तिचा मागमूस क्वचितच दिसतो, आणि हा दुसरा भाग तिच्यासाठी तयार आधार ठरेल. अनुदानाचेही दोन भाग व्हावेत. दिव्यांगत्वामुळे होणारा जादा खर्च भरून काढणारी रक्कम उत्पन्न न बघता द्यावी, कारण पगार सुरू झाला म्हणून रिक्षाचे भाडे थांबत नाही. पोटापाण्याची रक्कम माणसाच्या स्वतःच्या कमाईवर ठरावी, भावाच्या नाही. कमाई वाढेल तशी ती हळूहळू कमी व्हावी आणि नोकरी सुटली तर नवा अर्ज न करता पुन्हा सुरू व्हावी. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सगळ्यांना आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. तो अनेक ठिकाणी मार्चच्या तोंडावर समान रकमेत वाटून टाकला जातो. तोच निधी कामाच्या अहवालात लिहिलेल्या साधनावर, बैठकीवर, बदललेल्या मशिनवर खर्च झाला तर त्या अहवालाला वजन येईल.

यातल्या फार थोड्या गोष्टींसाठी संसदेत जावे लागेल. आरक्षणाची रेषा केंद्राच्या कायद्यात आहे, पण अनुदानाची उत्पन्नमर्यादा राज्याच्या शासननिर्णयात आहे, पाच टक्के निधीचा वापर राज्य ठरवते आणि तालुक्याला थेरपिस्ट नेमणे हेही राज्याच्याच हाती आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. आजवर आरोग्य विभाग टक्का काढायचा, सामाजिक न्याय विभाग पैसे द्यायचा, कामगार विभागाला यातले काही ठाऊक नसायचे, आणि या तिघांना जोडणारा धागा म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन फिरणारा अर्जदार. स्वतंत्र विभागाने निदान ही जोडणी आपल्याकडे घ्यावी. एक-दोन जिल्हे निवडून दुपदरी प्रमाणपत्र वर्षभर चालवून पाहावे. किती जणांना काम लागले, किती जणांचे टिकले आणि किती जणांचे अनुदान चुकीने थांबले हे प्रसिद्ध करावे. आकडे हवेत, माझा आकड्यांवर राग नाही. फक्त ते माणसाच्या सांध्यांचे असून भागणार नाही. सरकारच्या कामाचेही असले पाहिजेत.